दोन बोटं पांढरी माती

पेंढारकर सरांनी गाळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दाढेखाली धरून सावकाश चावला. खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसलेली म्हातारी इतक्या मोठ्यानं हसली, की खाली फावडं चालवणारा तिचा मुलगा दचकून थांबला.

"काहून जी साहेब? घरून जेवन भेटत नाही का तुमाले?"

"भेटतं की," सर म्हणाले, "पण त्याला अशी चव नसते." मग बाजूला थुंकून त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "लिही सुनेत्रा. अगदी बारीक. दाताला काही लागत नाही. म्हणजे संथ पाणी, खोल."

रेतीचा एक कण असला तरी दाताखाली कचकन लागतो, म्हणून गाळ चावून बघायचा ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. पहिल्यांदा चावला तेव्हा मला ओकारी आली होती. पुढे इतकी सवय झाली की कुणाच्या लग्नात भात कचकचला तर मला आधी तळ्याचा काठ आठवायचा आणि मग यजमानांची कीव यायची.

ही गोष्ट भंडाऱ्याकडच्या कोसमडोहची. मी तेव्हा नुकतीच पीएच.डी. होऊन सरांच्या हाताखाली लागले होते. हजारो वर्षांपूर्वी एखाद्या मुलखात पाऊस किती पडत होता, रान कसलं होतं, ते तळ्याच्या गाळावरून शोधून काढायचं हे आमचं काम. झाडांचे परागकण वाऱ्यानं उडून पाण्यावर पडतात, बुडतात, गाळात गाडले जातात आणि सहसा कुजत नाहीत. तो गाळ आणून तेजाबात उकळला की बाकी सगळं विरघळतं, पराग तेवढे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि एकेक कण ओळखायचा. हा ऐन, हे जांभूळ, हे नुसतं गवत. वरचा गाळ ताजा, खालचा जुना. जितकं खोल जावं तितकं मागं जावं.

एरवी त्या गाळापर्यंत पोचायला नावा लागतात, लांब नळ्या लागतात, आणि एवढं करून नळी रिकामी वर येते ती वेगळीच. कोसमडोहचा तलाव मात्र आदल्या वर्षी पार आटला होता. आम्हाला नुसतं खणायचं होतं. त्या भागातले बाकीचे तलाव माणसांनी पाळ घालून बांधलेले आहेत, हा एकटा आधीपासूनचा, कुणीच न बांधलेला. पेपरात तो वाळल्याची बातमी आली तेव्हा सर खुर्चीतून ताडकन उठले होते. "वाळला! सुनेत्रा, वाळला तो!" दुसऱ्याच्या जळत्या घरावर आपण पोळी भाजून घेतोय हे दोघांनाही कळत होतं. पण पोळी फार चांगली होती.

म्हातारीचं नाव पारबताबाई नान्हे. ढिवराची बाई, जन्मभर त्याच तलावात जाळं टाकलेली. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं डोंगा वल्हवला आणि रूपचंदला वाढवला, असं गावात सांगत. आता डोंगा तिच्या अंगणात पालथा पडला होता आणि त्यावर कोंबड्या बसत. ढिवरांच्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. कुणी नागपूरला, कुणी रायपूरला, कुणी वीटभट्टीवर. रूपचंद आमच्याकडे खणायला आला आणि त्याच्यामागून पारबताबाई आली ती रोजच. आम्ही काय करतो यापेक्षा किती बावळटपणानं करतो, यात तिला जास्त रस होता.

पहिल्याच दुपारी तिनं आम्हाला जेवायला घरी नेलं. भात, आंबट वरण आणि परतलेली सुकट. वाढताना ती आमच्याकडे बघत नव्हती.

"बाजारची सुकट," ती म्हणाली. "ढिवराच्या घरी बाजारची सुकट. माझी सासू असती तं माझ्या डोक्यात पळी घातली असती."

"छान झालीय," मी म्हणाले.

"तुमाले काय मालूम पोरी. तलाव भरून असता तं तुमाले गाभोळी वाढली असती." गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. "आमच्यात गाभोळी घरच्यानं खायाची नसते. तो पाहुन्याचा मान असते. येजा पुढच्या वर्सी. मोठी मरळ कापीन तुमच्यासाठी."

जेवण झाल्यावर ती मला मागच्या परसात घेऊन गेली. कुडाच्या सावलीत सिमेंटचा एक छोटा हौद होता, वर जुनं जाळं ताणलेलं आणि त्यावर पळसाची पानं. तिनं पानं सारली. पाणी हिरवट होतं. बराच वेळ काही दिसेना. मग एक काळं, चपटं डोकं वर आलं, हवेचा घोट घेऊन गेलं, आणि त्यामागं दुसरं.

"बीज हाये," पारबताबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता, निजलेल्या लेकराजवळ बोलावं तसा. "तलाव वाळाले लागला का ढिवराच्या एका घरानं मरळीची जोडी राखाची. पानी आलं का सोडाची. माझ्या सासूनं राखली होती एक सालभर, मी नवी सून होती तवा. पुढच्या वर्सी तलाव असा भरला का काठावरून वाहे. आता पाळी माझी."

"यांना खायला काय घालता?"

"बेंडकं, गोगलगायी, भेटन ते. भात खात नाहीत, लाडाचे हायेत." ती हसली. "मरळ मोठी मायाळू असते बरं. पिलं लालभडक असतात, आन् माय-बाप दोघं राखन करतात. पिलासंग फिरनाऱ्या मरळीले आमी कधी गरी नाही लावत."

रूपचंद मागं येऊन उभा होता. हातात दोन घागरी. हापशी गावाबाहेर, पाऊण मैलावर, आणि दोन्ही घागरी हौदात ओतायच्या होत्या.

"म्याडम, या मासोळ्यांपायी आमी अठी अटकून पडलो," तो पाणी ओतत म्हणाला. "नागपूरले मले वॉचमनची नोकरी लागून राह्यली. खोली बी पाह्यली. पोरीले शाळेत टाकाचं हाये. पन माय येत नाही, आन् माय नाही येत तं मी कसा जाऊ?"

"मी आली तं याईले पानी कोन देईन?" पारबताबाई म्हणाली.

"हेच. रोज हेच." रूपचंदनं रिकाम्या घागरी उचलल्या. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता.

पांढरी माती दुसऱ्या दिवशी लागली. खड्डा छातीइतका खोल गेला होता आणि त्याची भिंत सरांनी थापीनं केकसारखी सरळ कापली होती. वर काळा, चिकट गाळ. खालीही तसाच काळा. आणि मधेच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, राखेच्या रंगाचा एक फिकट पट्टा. सरांनी त्यातला खडा चावला आणि कचकन आवाज आला. त्यांचा चेहरा उजळला.

"हे काय हो साहेब?" पारबताबाईनं वरून विचारलं. "खाली काळं, वर काळं, मधात पांढरं कायचं?"

"तेव्हाही तुमचा तलाव वाळला होता, बाई."

"कवा?"

"फार पूर्वी. राजे-महाराजेसुद्धा नव्हते तेव्हा."

तिनं वाकून तो पट्टा पाहिला. मग म्हणाली, "मंग वर काळं कसं?"

"परत भरला ना!" सर हसत म्हणाले. सरांचं हसू मोकळं होतं, समोरच्याला त्यातलं थोडं आपल्या घरी न्यावंसं वाटायचं. "वाळला, आणि परत भरला. हे बघा, तुमच्यासमोर आहे."

पारबताबाईनं पदर कमरेला खोचला आणि रूपचंदचा खांदा धरून ती खड्ड्यात उतरली. भिंतीशी जाऊन तिनं त्या पांढऱ्या पट्ट्यावर आडवी बोटं टेकवली. बरोबर दोन बोटं मावली. चिमटीत ती माती घेऊन तिनं चोळली, वास घेतला, आणि मग सरांकडे बघून, त्यांची नक्कल करत, दाताखाली धरली. आम्ही सगळे हसलो.

"नाल्याच्या तोंडाशी दरसाल आमी गाळ काढतो," ती म्हणाली. "एका पावसाळ्याचा बोटभर बसते. कमी नाही, जास्ती नाही. मंग हे दोन बोटं म्हंजे दोन वर्सं." तिनं आपली दोन बोटं वर धरली आणि एक मिटलं. "एक सरलं. एक राह्यलं."

"तसं नाही मोजता येत, बाई," सर म्हणाले. "या मातीचं वय काढायला ती लांब पाठवावी लागते. वर्षभर लागेल. तोवर मलाही सांगता येणार नाही."

"धाडा जी, धाडा. तुमचं वय येईस्तोवर आमचा तलाव भरून जाईन."

तिनं आमचं म्हणणं ऐकलंच नाही असं नव्हे. तिला वाटलं, शिकलेल्या माणसांना प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, त्यांच्याकडून धान्य निवडून घेतलं तरी संध्याकाळ होईल. ती खड्ड्यातून वर चढली ती गावाकडे निघाली, आणि आम्ही सामान बांधेपर्यंत कोसमडोहच्या प्रत्येक उघड्या घरात बातमी पोचली होती की मातीत लिहून ठेवलंय, तलाव दोन सालात भरतो.

परत आल्यावर मी खड्ड्यातून आणलेले गाळाचे नमुने उकळले आणि महिनेच्या महिने डोळा लावून बसले. पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या गाळात दाट रान होतं. ऐन, जांभूळ, पाण्याशेजारची झाडं, कमळाच्या जातीच्या वनस्पती. कोसमही होता. ज्या झाडावरून गावाला नाव पडलं त्याचं एकही झाड मी तिथं पाहिलं नव्हतं, पण तळाच्या गाळात त्याचे पराग भरपूर होते. पट्ट्यात गेल्यावर सगळं बदललं. गवत, काटेरी झुडपं, उकिरड्यावर उगवतं तसलं तण. तेही थोडं, कारण उघड्यावर पडलेले पराग फाटलेले, झिजलेले होते. पट्ट्याच्या वर पाणी परत आलं होतं, हे खरं. रान मात्र पहिल्यासारखं परत आलं नाही. कोसम तर नाहीच.

मग तारखा आल्या. सरांनी कागद वाचला, माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. पट्ट्याच्या खालची माती आणि पट्ट्याच्या वरची माती यांत सहाशे वर्षांचं अंतर होतं.

"पेपर उत्तम होईल," सर म्हणाले. ते बराच वेळ चष्माच पुसत होते.

मे महिन्यात रूपचंदचा फोन आला. दुसऱ्या गावातल्या कुठल्या तरी दुकानातून केलेला, मागं ट्रकचे आवाज येत होते. दुसरा पावसाळाही कोरडा गेला होता. वरच्या अंगाला नव्या रस्त्याचा भराव पडला आणि नाला तिथूनच दुसरीकडे वळला. होता नव्हता तो पाऊसही तलावाला मिळाला नाही.

"म्याडम, माय म्हनते, दोन वर्सं झाले, आता या पावसाळ्यात भरतेच. मातीनं सांगतलं हाये म्हनते. नागपूरची जागा आता महिनाभरच राखून ठेवतो म्हनते मालक. तुमी येऊन तिले सांगा ना जी. जे असन ते सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकन."

मी सरांना विचारलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"तू जा," ते म्हणाले. "मला जमणार नाही. त्या बाईला मी हसत सांगितलं होतं, परत भरला म्हणून. खोटं सांगितलं नव्हतं. तरी नाही जमणार."

कोसमडोहला मी पोचले तेव्हा सकाळीच ऊन भाजत होतं. बसथांब्यावरून तलाव ओलांडूनच गावात जावं लागे. आमचा खड्डा तसाच होता, एक बाजू ढासळलेली. तलावाच्या भेगाळलेल्या तळावर आता हिरवं काहीतरी दिसत होतं. जवळ जाऊन बघितलं. गवत, काटेरी झुडपं, उकिरड्यावरचं तण. सूक्ष्मदर्शकाखाली वर्षभर बघितलेलं रान तिथं नव्यानं उगवत होतं आणि त्याचे पराग माझ्या कपड्यांवर बसत होते. मला खरोखर भीती वाटली.

पारबताबाई परसात हौदापाशीच होती. अंगानं निम्मी झाली होती, पण मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आली का पोरी! साहेब नाही आले? बरं जालं आलीस. आता महिनाभरात पाय, अठून तठवर पानी राहीन."

रूपचंद कुडाला टेकून उभा राहिला. त्याची बायको मुलीला घेऊन दारात आली. गाठोडी बांधलेली मला आत दिसत होती.

"मावशी," मी म्हणाले, "मातीचं वय आलं."

"मंग? दोनच ना?"

मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेला आलं नाही.

"दोन नाही. सहाशे वर्षं तलाव कोरडा होता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, तिला आकडा समजला नाही. मी म्हणाले, "तुमची सासू, तिची सासू, तिची सासू, अशा पंचवीस-तीस सासवा. तेवढा काळ."

"आकडा समजते मले," ती म्हणाली. "पन माती तं दोन बोटं होती. मी सोता हात लावला. बोटाले एक वर्स. मी काय आजची गाळ काढते?"

"तुमचं बोट बरोबर आहे, मावशी. पण ते पाणी असतानाचं. गाळ..."

मी पुढे बोलायच्या आत तिनं हात वर केला. ती हौदाच्या कडेवर बसली. तिची नजर पालथ्या डोंग्यावर होती, पण ती डोंगा बघत नव्हती. ती नाल्याचं तोंड बघत होती, पहिल्या पुराचं गढूळ पाणी आणि ते निवळल्यावर तळाशी बसलेला बोटभर गाळ. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येऊन गेलेली मला दिसली.

"पानीच नाही," ती हळू म्हणाली, "तं गाळ कोन आनन?"

मग तीच पुढे म्हणाली,

"वाळल्या तलावात गाळ बसतच नाही. उडते. वाऱ्यानं उडून जाते." तिनं आपली दोन बोटं बघितली. "ते दोन बोटं म्हंजे उडून उडून राह्यलेलं. होय ना?"

"हो."

"हे मले तवाच समजाले पाह्यजे होतं. ढिवराच्या बाईले."

"मावशी, तेव्हा झालं तसंच आता होईल असं मातीला सांगता येत नाही. पाऊस..."

"नाला कुठी हाये आता?" ती मधेच म्हणाली. त्यात राग नव्हता. "तवाच्या सहाशे वर्सात बीज कोनं राखलं होतं, पोरी?"

"कुणी नाही. पाणी आल्यावर मासे नदीतून आले असतील. नाल्यानं वर चढून."

"हं. नाल्यानं."

हौदात एक मरळ वर आली, घोट घेऊन गेली. पारबताबाई उठली. तिनं पळसाची पानं काढून बाजूला ठेवली, जाळ्याची गाठ सोडली आणि जाळं नीट घडी करून डोंग्यावर ठेवलं. मग बाह्या वर सारून ती हौदात वाकली.

रूपचंदला माझ्या आधी कळलं. तो पुढे धावला.

"माय, नोको! अवो, नोको करू! आपन घेऊन जाऊ ना त्याईले नागपूरले. मी डरम आनतो. मी पानी भरीन, रोज भरीन."

वर्षभर ज्या माशांच्या नावानं तो कुरकुरला होता, त्यांच्यासाठी तो आता आईच्या दंडाला लोंबकळत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नागपुरात कोनता तलाव भरनार हाये रे?" ती म्हणाली. "सोड हात. सुनबाई, राख आन."

मरळ हातातून निसटते, म्हणून अंगाला राख लावून धरतात. सुनेनं चुलीतली राख आणली, पण ती द्यायला पुढं येईना. शेवटी मीच तिच्या हातून घेतली आणि पारबताबाईच्या हातावर ठेवली. तिनं एकेक करून दोन्ही मासे काढले. मोठे, काळेभोर, मनगटाहून जाड. विळीवर बसताना ती त्यांच्याशी काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. मी तोंड फिरवलं होतं.

दुपारी तिनं सगळ्यांची पानं मांडली. भात आणि मरळीचा रस्सा. घरात असा वास सुटला होता, की शेजारच्या कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावरचं मांजर येऊन उंबऱ्यात बसलं. रूपचंदच्या मुलीनं दोनदा मागून घेतलं. तिला ताजा मासा आठवतच नव्हता, लहान होती. रूपचंद ताटावर मान घालून बसला होता.

"मावशी, मला जाणार नाही," मी म्हणाले. "बीज आहे ते."

"खा," ती म्हणाली. "बीज होतं तवर कोनाले हात लावू नाही देला मी. आता मासोळी हाये."

मग तिनं चुलीवरून एक लहान पातेली उतरवली आणि झाकण काढलं. दोन मरळींतली मादी भरलेली निघाली होती. पाऊस जवळ आला की भरतेच ती, पाणी असो नसो. पिवळीजर्द गाभोळी, तेलात परतलेली, एका ओंजळीत मावणार नाही एवढी. पारबताबाईनं ती सगळी पळीनं काढली आणि माझ्या पानात वाढली. मुलीनं हात पुढं केला तर तिनं तो हळूच बाजूला सारला.

"तुले नाही बाई. तो पाहुन्याचा मान हाये." आणि मला म्हणाली, "मागल्या वर्सी बोलली होती ना मी."

बारीक कण मोजण्यात माझा जन्म गेला आहे. एका काचेवर हजार हजार मोजले आहेत. त्या पानात किती होते ते मी बघितलं नाही. घास घेतला आणि सवयीनं दाढेखाली धरून सावकाश चावू लागले. दाणे फुटत होते, बारीक, एकसारखे.

"कशी हाये?" पारबताबाईनं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले.

तिनं पातेली खरवडून राहिलेली वाढली.